टेनर म्हणजे टेंडर नव्हे

"सर, टेंडर मला कळतं. आमच्या ह्यांचा धंदाच तो. पण टेनर म्हणजे काय हो?"

गेल्या महिन्यात विश्रामबागेतल्या एक बाई मुलाला घेऊन सांगलीच्या गावभागात माझ्याकडं आल्या होत्या. मुलगा वालचंदला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, गांधर्वच्या मध्यमापर्यंत गाणं झालेलं, आवाज बरा. आणि आता त्यानं मनावर घेतलंय की आपण ऑपेरातला, म्हणजे पाश्चात्त्यांच्या संगीत नाटकातला, टेनर व्हायचं. रात्र रात्र कानात इयरफोन आणि सकाळी न्हाणीघरातून इटालियन. वडील कंत्राटदार. यात वर्षं किती जातात आणि हातात काय पडतं, तेवढं विचारून या, असा त्यांचा निरोप होता.

मी पेटीवाला माणूस. नाट्यसंगीताला साथ करण्यात तीस वर्षं गेली. ऑपेरा मी शिकलेलो नाही. पण मिरजेत मिशनच्या दवाखान्यामुळं चर्च जुनं, आणि तरुणपणी नाताळच्या गाण्यांना साथ करायला मी तिथं जात असे. समोर चार रांगा, बायकांच्या दोन, पुरुषांच्या दोन, आणि एकाच गाण्याच्या चौघांच्या चार वेगळ्या चाली. पुरुषांतल्या वरच्या रांगेला टेनर म्हणत, आणि त्या रांगेला माणसं कायम कमी पडायची. तो शब्द तेव्हापासून डोक्यात राहिला. पुढं जमेल तसं वाचत, ऐकत गेलो. त्या बाईंना तासभर जे सांगितलं, ते इथं जरा नीट लिहून काढतो.

शब्दापासूनच सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'टेनेरे' म्हणजे धरणे. मध्ययुगात युरोपातल्या चर्चमध्ये एकावर एक चाली रचून गायला सुरुवात झाली, तेव्हा मूळ चाल लांबलचक सुरांत धरून ठेवणारा तो टेनर. आपल्या कीर्तनात मागं ध्रुपद धरणारे असतात ना, त्यांचा हा लांबचा भाऊबंद. तेव्हा त्याचा उंच सुराशी काही संबंध नव्हता. नायक, प्रेमिक, वरच्या सुरात जीव ओतणारा, ही ओळख फार नंतरची.

आता पेटीवर या. काळी एक ही आपल्याकडं पुरुषांची नेहमीची पट्टी. त्या षड्जापासून मोजलं तर टेनरला लागणारी जागा मंद्र निषादापासून तार निषादापर्यंत, म्हणजे भरून दोन सप्तकं. खर्ज त्याला जवळजवळ लागतच नाही. आपला ख्याल गाणारा तार गंधाराला जातो, मध्यमाला जातो, तब्येत लागली तर पंचमाला हात लावतो, दाद घेतो आणि खाली येतो. टेनरचं घरच तार षड्जाच्या आसपास असतं. तिथं तो संवाद म्हणतो, भांडतो, रडतो, आणि मग तिथून उठून तार शुद्ध निषादापर्यंत जातो. हाच तो प्रसिद्ध 'हाय सी'. त्या सुरावर गळ्यातल्या दीड-दोन सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, म्हणजे स्वरतंतू, सेकंदाला ५२३ वेळा उघडतात आणि मिटतात.

शिवाय त्याला पट्टी निवडता येत नाही. आपल्याकडं गवई बसल्या बसल्या विचारतो, "काय ठेवू या, काळी एक की पांढरी दोन?" तिथं रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक बसलेले, प्रत्येकापुढं छापील कागद, आणि सूर दीडशे वर्षांपूर्वी रचनाकारानं लिहून ठेवलेला. आज घसा बसलाय म्हणून सगळ्यांना अर्धा सूर खाली आणता येत नाही. (नावाजलेल्या टेनरांसाठी एखादं गाणं अर्धा सूर उतरवून वाजवलं जातं, ही गोष्ट वेगळी. तो मान मोठ्यांचा. नवख्याला कोण विचारतो.)

हा उंच सूर लोक पूर्वी कसा गात? खोट्या आवाजात. म्हणजे वर गेलं की आवाज पातळ, बायकी करून अलगद लावायचा. त्यात कमीपणा नव्हता, उलट नजाकत मानली जाई. मग झिल्बेर ड्युप्रे नावाचा फ्रेंच गायक आला. १८३१ साली इटलीतल्या लुक्का गावी रोसिनी या रचनाकाराच्या 'विल्यम टेल' ऑपेरात त्यानं हा सूर भरल्या छातीनं लावला, आणि १८३७ साली पॅरिसमध्ये तेच केल्यावर लोक वेडे झाले. खुद्द रोसिनीला मात्र ते आवडलं नाही. गळा कापताना कोंबडं ओरडतं तसं वाटलं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. पॅरिसचा आधीचा मुख्य टेनर अदोल्फ नूरी जुन्या पद्धतीचा. तो ही नवी तऱ्हा शिकायला इटलीला गेला, आवाज बिघडवून बसला आणि १८३९ साली नेपल्सला त्यानं जीव दिला. ड्युप्रेचा आवाजही लवकरच थकला. पण प्रेक्षकांना एकदा चव लागली ती लागली. तेव्हापासून टेनर म्हटलं की तो सूर असाच हवा, आणि आजचं सगळं शिक्षण त्या एका मागणीभोवती फिरतं: छातीचा भरदारपणा वरपर्यंत न्यायचा, पण गळा न फाडता.

इथंच खरी अडचण आहे, म्हणून जरा थांबतो.

स्वरतंतूंवर काम करणारे मुख्य स्नायू दोन. एक तंतूंच्या पोटातच असतो. तो आवळला की तंतू आखूड आणि जाड होतात, आवाज भरीव येतो. आपण बोलतो तो बहुतेक याच्या जोरावर. दुसरा बाहेरून, गळ्याच्या पुढच्या कूर्चेला झुकवून तंतू ताणतो, ते लांब आणि पातळ होतात, सूर चढतो. खाली पहिल्याचं राज्य, वर दुसऱ्याचं. मधे कुठंतरी भार एकाकडून दुसऱ्याकडं जायला हवा. शिकलेला नसेल तर पहिला स्नायू हट्टानं धरून ठेवतो, ताण वाढत जातो, आणि एका क्षणी तो एकदम सोडून देतो. आवाज चिरकतो. पालखी चालत असताना खांदेकरी बदलतात तसं हे असायला हवं: खांदा बदलला तरी पालखी हलता कामा नये.

काळी एकच्या माणसाला हा बदल तार रिषभ ते तार मध्यम याच्या आसपास येतो. इटालियन लोक त्याला 'पासाज्जो' म्हणतात, म्हणजे वाट, बोळ. टेनरच्या शिकवणीतली पहिली काही वर्षं या तीन-चार सुरांच्या बोळातच जातात. गंमत अशी की माझ्यासमोर नाट्यगीत गाणारी कितीतरी पोरं नेमकी इथंच पडलेली आहेत. एका स्पर्धेत तर दोष माझाच होता. नुकताच आवाज फुटलेला मुलगा, त्यानं सवयीनं लहानपणची काळी चार मागितली, आणि मी मुकाट्यानं दिली. अंतऱ्यात तार मध्यमावर त्याचा आवाज असा फाटला की सभागृहात कुणीतरी हसलं. मी त्याला आधी अडवायला हवं होतं. पुढं तो गायला नाही, तबल्याकडं वळला.

बोळातून पार कसं जायचं? एक युक्ती स्वरांची, म्हणजे अ-आ-इ-ई वाल्या स्वरांची. तार मध्यमावर उघडा 'आ' लावून बघा. शेतातून बैलाला हाळी दिल्यासारखा येतो. टेनर तिथं 'आ'ला किंचित गोल करतो, 'ऑ'च्या दिशेनं झुकवतो. ऐकणाऱ्याला 'आ'च ऐकू येतो, पण आत तोंडाचा आणि घशाचा आकार बदललेला असतो, आणि स्वरयंत्र वर उडी मारण्याऐवजी जागेवर राहतं. याला ते आवाज 'झाकणं' म्हणतात. नेमकं कुठल्या सुरावर, किती झाकायचं हे प्रत्येक गळ्याचं वेगळं, म्हणून ते पुस्तकातून शिकता येत नाही. समोर कान असलेला माणूसच लागतो. यात आपल्यात आणि त्यांच्यात काडीचा फरक नाही.

दुसरी गोष्ट दमसासाची. छाती फुगवून श्वास घेता येतो सगळ्यांना. तो सोडायचा कसा यात कसब आहे. फासळ्या उघड्याच ठेवायच्या, पोटाचे स्नायू आणि छातीखालचा पडदा यांनी एकमेकांना रोखून धरायचं, आणि हवा गळ्यावर आपटू न देता थेंब थेंब द्यायची. पेटीचा भाता आठवा. नवशिका तो भराभर मारतो आणि सूर हिंदकळतो. जाणता भाता भरून ठेवतो आणि हळू दाबत राहतो. पाव्हारोत्ती हा नावाजलेला इटालियन टेनर १९६५ साली जोन सदरलँड या गायिकेबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता, तेव्हा तो तिच्या बरगड्यांखाली हात ठेवून ती श्वास कसा धरते ते बघायचा. रंगमंचावर येऊन चार वर्षं झालेला माणूस, आणि तरी श्वास शिकत होता.

आता त्या मुलानं विचारलेला प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. "सर, माइक नसतो, मग ऐकू कसं जातं?"

आपल्याकडंही माइक येण्यापूर्वी नाटकातले गायक उघड्या आवाजात थेटर भरून टाकत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सांगलीत कुठला माइक? पुढं संगीत नाटकांतली मंडळी चढी पट्टी ठेवत, त्याचं एक कारण हेच की उंच सूर लांब जातो. पण त्यांच्या साथीला पायपेटी, तबला, सारंगी. टेनरपुढं साठ-सत्तर वाद्यं, पितळी भोंगे धरून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० खुर्च्या आहेत आणि शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही शब्द कळायला हवेत. नुसत्या जोरानं हे होत नाही. तेवढ्या वाद्यांशी जोरात कोण जिंकणार?

याचं उत्तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आहे, असं मी त्याला सांगितलं. तंबोऱ्याची जवारी काढताना तुम्ही कधी शेजारी बसला आहात का? कारागीर घोडी कानशीनं अगदी हलकी घासतो, तार छेडतो, परत घासतो. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत नेतो. आतापर्यंत 'टंग' असा बोथट येणारा आवाज, दोरा एका विशिष्ट जागी आला की एकदम उघडतो, झणकारतो. तार तीच, ताण तोच, छेडणारं बोटही तेवढ्याच जोरानं. पण मूळ सुरावरचे जे बारीक बारीक सूर त्याच्या पोटात दडलेले असतात ते पुढं येतात, आणि तंबोरा शेजारच्या खोलीत ऐकू जातो.

टेनरच्या गळ्यात अशीच एक जवारी घडवतात. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात याची मोजणी करून ती नीट समजावून सांगितली. मोठ्या वाद्यवृंदाचा आवाज साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात दाट असतो आणि पुढं विरळ होत जातो. ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात बरीच मोकळी जागा असते. शिकलेल्या गायकाच्या आवाजात नेमकं तिथं एक ठळक शिखर उभं राहतं. आपल्या कानाची नळीही जवळपास त्याच पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण ऐकते. म्हणजे टेनर वाद्यांच्या वर ओरडत नाही. गर्दीत जिथं कुणी उभं नाही तिथं जाऊन उभा राहतो. हे शिखर कसं येतं? स्वरतंतूंच्या लगेच वर एक छोटी नळी असते. ती अरुंद राहिली आणि तिच्यावरचा घसा चांगला रुंद झाला, जांभईच्या सुरुवातीला होतो तसा, तर ती नळी स्वतंत्रपणे घुमू लागते. जवारीत तार घोडीला घासते, इथं हवेची पोकळी घुमते, यंत्रं वेगळी आहेत. कानाला पडणारा फरक मात्र त्याच जातीचा.

हा सगळा कारभार आत चालतो आणि दिसत काहीच नाही, ही शिकवणाऱ्याची मोठी पंचाईत. तंबोऱ्याची घोडी हातात घेता येते. गळ्यात कोण बघणार? पाहिलं ते मॅन्युएल गार्सिया या गायन शिक्षकानं, १८५४ साली. दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडून, त्यानं आपलेच स्वरतंतू हलताना बघितले. तो टेनरचाच मुलगा, आणि जगला १०१ वर्षं. आज कान-नाक-घशाचे डॉक्टर कॅमेरा घालून तंतू बघतात, त्या पद्धतीची सुरुवात या गाण्याच्या मास्तरापासून धरतात.

घशाचा विषय निघाला तसं त्या बाई लगेच म्हणाल्या, "मी त्याला रोज रात्री हळदीचं दूध देते." सांगलीत हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच. पण खरं सांगायचं तर दूध, मध, आल्याचा रस यांतलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. ते अन्ननलिकेतून जातं, आणि तंतू असतात श्वासाच्या वाटेवर. चुकून तिकडं थेंब गेला तर ठसका लागतो. तिथवर जाते ती फक्त वाफ. दिवसभर पाणी पिऊन शरीरच ओलं ठेवायचं, ते आतून तंतूंना मिळतं. आणि रात्री उशिरा तिखटजाळ जेवून लगेच आडवं होऊ नये, पोटातलं आम्ल वर येऊन घसा जाळतं. दूध घे म्हटलं, झोप चांगली लागते. भडंगाचं काय, ते त्यानं विचारलं नाही आणि मी काढलं नाही.

शिक्षणाचा क्रम साधारण असा. मुलाचा आवाज फुटून स्थिरावला की सतरा-अठराच्या सुमाराला खरी सुरुवात. संगीत महाविद्यालयात चार वर्षं, वर दोन वर्षं, आणि मग एखाद्या ऑपेरागृहाच्या तरुण कलाकारांच्या तुकडीत आणखी एक-दोन. एकट्यानं गुरूसमोर गाणं आठवड्यातून एक-दोन तासच. बाकी वेळ स्वरलिपी वाचणं, पियानोवाल्याबरोबर भूमिका बसवणं, अभिनय, अंगविक्षेप, आणि भाषा. आपल्या पोरांना वाटतं की रोज आठ तास रियाज करायचा. टेनर प्रत्यक्ष गळ्यानं दीड-दोन तासांवर सहसा गात नाही. बाकीचं पाठांतर तो मनात करतो किंवा कुजबुजत्या आवाजात. तालमींत पूर्ण आवाज न देता अर्ध्या आवाजात गाण्याची रीतच आहे, आणि कुणी त्याला कामचुकार म्हणत नाही.

भाषांत इटालियन आधी, मग जर्मन, फ्रेंच. इथं मराठी मुलाला एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. इटालियनमधला त आणि द आपल्यासारखाच दातांना जीभ लावून येतो. इंग्रजी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. आणि जोडाक्षरं! 'नोते' म्हणजे सूर, 'नोत्ते' म्हणजे रात्र. आपण 'पता' आणि 'पत्ता' लहानपणापासून वेगळे म्हणतो, आपल्याला यात काय अवघड? जर्मनमधले ओठ गोल करून म्हणायचे 'ई' मात्र आपल्यालाही छळतात.

आता वजनाबद्दल. आवाजाच्या, माणसाच्या नव्हे.

तालीम हा शब्द आपल्याकडं गाण्यात चालतो आणि कुस्तीतही. मारुती मान्यांच्या जिल्ह्यात वजनगट समजावून सांगायची गरज नाही. टेनरांतही गट असतात. हलका, चपळ, फिरत असलेला. मग भावगर्भ, मऊ. त्याच्यावर धारदार, मोठ्या वाद्यवृंदाला भिडणारा. आणि शेवटी जर्मन ऑपेरातला पहाडी टेनर, जो चार-पाच तासांच्या खेळात शेवटपर्यंत उभा राहतो. वस्ताद कोवळ्या पोराला वरच्या वजनात उतरवत नाही. हरेल म्हणून नव्हे, सांधा निखळेल म्हणून. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला जड भूमिकेतला सूर 'लागतो'. तो एकदा लागतो, दोनदा लागतो. रोज तीन तास लागत नाही, आणि तसा लावत राहिलं की तंतूंवर घट्टे पडतात. व्हेर्दीचा ओथेल्लो ही अशीच महाभारी भूमिका. प्लासिदो डोमिंगोनं ती १९७५ साली चौतिसाव्या वर्षी घेतली तेव्हा जाणकारांना ते घाईचं वाटलं. योनास काउफमान तिच्यापाशी आला २०१७ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. पाव्हारोत्तीनं ती रंगमंचावर कधी केलीच नाही, १९९१ साली नुसत्या मैफलीत गाऊन सोडून दिली.

म्हणून टेनरच्या सुरुवातीच्या दहा वर्षांत सगळ्यात अवघड काम कुठलं, असं मला विचाराल तर मी म्हणेन, चालून आलेल्या कामाला नाही म्हणणं. पैसे नसतात, नाव नसतं, आणि कुणीतरी मोठी भूमिका समोर धरतं.

बाईंना यातले आकडे आणि माणसं हवी होती, म्हणून तीन-चार गोष्टी सांगितल्या.

पाव्हारोत्ती मोदेना गावच्या पाववाल्याचा मुलगा. वडील स्वतः हौशी टेनर. १९५४ साली, एकोणिसाव्या वर्षी तो आरिगो पोला या गायकाकडं शिकायला लागला. पोलानं फी घेतली नाही. मधल्या काळात प्राथमिक शाळेत शिकवलं, विमा विकला. तंतूवर गाठ आली, फेर्राराला एक मैफल साफ फसली, आणि गाणं सोडायचं त्यानं ठरवलं. मग गाठ गेली. १९६१ साली स्पर्धा जिंकून रेज्जो एमिलियात पहिली भूमिका मिळाली. म्हणजे सात वर्षं. आणि लंडनमध्ये नाव झालं ते १९६३ साली, दुसऱ्या एका टेनरनं ऐनवेळी काम सोडलं म्हणून. नाटक कंपनीत मुख्य नट आजारी पडला की बदली उभा राहतो आणि त्या रात्री त्याचं नशीब उघडतं, तशातला प्रकार. पेरूचा हुआन दिएगो फ्लोरेसही १९९६ साली पेसारोला असाच दुसऱ्याच्या जागी उभा राहिला, तेविसाव्या वर्षी.

डोमिंगोनं १९५९ साली मेक्सिकोत परीक्षा दिली ती बॅरिटोन, म्हणजे टेनरहून खालच्या आवाजाचा गायक, म्हणून. परीक्षक म्हणाले, अरे तू टेनर आहेस. मग तो १९६२ पासून अडीच वर्षं तेल अवीवला राहिला आणि १२ भूमिकांचे २८० प्रयोग केले. छोटं गाव गाठून, मोठ्या शहरांच्या नजरेआड चुका करून घ्यायच्या, ही जुनी आणि फार शहाणी वाट.

काउफमानची गोष्ट मी त्या मुलासाठी मुद्दाम राखून ठेवली होती. त्यानं आधी गणिताला नाव घातलं होतं, मग म्युनिकला गाणं शिकला. १९९४ साली झारब्र्युकेनच्या थेटरात पक्की नोकरी. आणि तिथं, एका प्रयोगात, अगदी लहान भूमिकेत, आवाज बसला. बारीक, गोड, 'जर्मन टेनर'सारखं गायचं म्हणून तो आपला मूळचा दाट, काळसर आवाज दाबत होता. मग ट्रिअरला मायकेल ऱ्होड्स या अमेरिकन शिक्षकाकडं जाऊन त्यानं सगळं पहिल्यापासून मांडलं. पदवी हातात होती, नोकरी होती, आणि तरी पुन्हा सा पासून.

ही पक्की नोकरी हे जर्मनीचं वैशिष्ट्य. तिथं सरकारी मदतीवर चालणारी कितीतरी ऑपेरागृहं आहेत, आणि प्रत्येकाचा स्वतःचा गायकांचा ताफा महिना पगारावर. आज नायक, उद्या दोन ओळींचा निरोप्या, परवा मुलांचं नाटक. इतर ठिकाणी बहुतेक काम प्रयोगावर: गायलं तर पैसे, सर्दी झाली तर घरी. काम मिळवायचं निवड चाचणीतून. पाच गाणी तयार ठेवायची, अनोळखी पियानोवाल्याबरोबर त्यातलं एक स्वतः निवडून गायचं, दुसरं समोरचे मागतील ते. दहा मिनिटांत "धन्यवाद". प्रवासखर्च आपला.

इथवर आल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे टेंडरच की हो. अनामत आपली, आणि उघडेपर्यंत काही खरं नाही." मला हसू आवरेना. नवऱ्याला आता त्या नीट समजावून सांगतील याची खात्री पटली.

सांगलीतून वाट आहे का? सरळ नाही. मुंबईत पाश्चात्त्य गायनाचे शिक्षक आहेत, समूहगायनाचे ताफे आहेत, एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, आणि १९११ सालचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये डागडुजी करून पुन्हा उघडलं. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या आठ श्रेणींच्या संगीत परीक्षा भारतात देता येतात. स्वरलिपी वाचायची सवय लागायला त्या चांगल्या. पुढं बाहेर जावंच लागतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणीची फी नसते किंवा नाममात्र असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा, आणि तोच मोठा. भाषा येत असल्याचा दाखला लागतो. प्रवेश परीक्षेत पदव्या कुणी विचारत नाही, गाऊन दाखवायचं असतं.

इंजिनिअरिंग सोडायचं का, हा खरा प्रश्न होता आणि तो बाईंनी दारात चपला घालताना विचारला. सोडू नका म्हटलं. पोरगा वीसचा आहे, टेनरचा आवाज पिकायला तिशी उजाडते. पदवीला राहिलेली दोन वर्षं इटालियन आणि स्वरलिपीत घालवली तर वाया काहीच जात नाही.

मग त्याला पेटीजवळ बसवला आणि काळी एक धरली. आरोह करत तार मध्यमापर्यंत जा, म्हटलं. षड्ज छान लागला. रिषभाला मानेची शीर दिसायला लागली, गंधाराला हनुवटी वर गेली, आणि मध्यमाला तीच ती बैलाची हाळी. तो लाजला. मी पुन्हा गंधारावर बोट ठेवलं आणि त्याला फक्त 'ऑ' म्हणायला सांगितलं, अर्ध्या आवाजात. चौथ्या-पाचव्या खेपेला हनुवटी खाली राहिली.

याहून जास्त मला येत नाही, आणि ते मी त्याला सांगितलंही. येत्या गुरुवारी तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला मिरजेला चाललोय. तोही येतो म्हणालाय, कॉलेज बुडवून. आईला अजून सांगितलेलं नाही.